कासाव म्हणजे नेमका कोणता रंग?

प्रश्न : पाली धम्मपदाच्या अनुवादांत ‘कासाव’ (भिक्खूचे रंगवलेले वस्त्र) कुठे भगवे, कुठे पिवळे, कुठे काषाय होते. बरोबर काय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ‘काषाय’च ठेवावे. ‘भगवे’ एक वेळ चालेल, ‘पिवळे’ मात्र टाळावे. ‘कसाव’ म्हणजे तुरट रस, काढा. महावग्गात (विनयपिटकाचा, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथाचा भाग) निम्बकसाव (कडुनिंबाचा), कुटजकसाव (कुड्याचा), नत्तमालकसाव (करंजाचा) अशी औषधे येतात. अशाच काढ्यात रंगवलेले वस्त्र ते कासाव. म्हणून त्याची छटा झाडागणिक बदलते, तांबूस ते तपकिरी.

रंगवण्याची रीत महावग्गाच्या चीवरक्खंधकात, म्हणजे चीवरावरच्या (भिक्खूच्या वस्त्रावरच्या) प्रकरणात आहे. मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ असे सहा प्रकारचे रंग चालतात. थंड पाण्यात कालवलेल्या रंगाने चीवराला दुर्गंधी येते, म्हणून रंग उकळायचा. तो शिजला का, हे पाहायला थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकायचा. अट्ठकथेप्रमाणे (पाली भाष्याप्रमाणे) शिजलेला थेंब पाण्यात लगेच पसरत नाही. चीवर दोरीवर वाळत घातले की रंग एकाच बाजूला ओघळतो. म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटायचे आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत तिथून हलायचे नाही. कापड ताठ झाले तर पाण्यात बुडवायचे, खरखरीत झाले तर हाताने थोपटायचे.

आता ‘पिवळे’ का नको. संपूर्ण निळे, पिवळे, लाल, मंजिष्ठी किंवा काळे चीवर महावग्गातच निषिद्ध आहे. बुद्धघोषांची समन्तपासादिका (विनयाची अट्ठकथा) तर मुळांतून हळद, खोडांतून मंजिष्ठा, पानांतून नीळ आणि फुलांतून पळस व करडई वगळते. हळदीने रंगवलेले कापड सहज मिळाले असते, तरी तेच नाकारले आहे, हे अनुवादकाने विसरू नये. थायलंडच्या अरण्यविहारांत आजही फणसाच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून चीवर रंगवतात. त्याचा रंग सोनेरी तपकिरी येतो.

धम्मपदाच्या ९व्या गाथेत ‘अनिक्कसावो कासावं’ असा शब्दखेळ आहे. ‘अनिक्कसावो’ म्हणजे ज्याचा कसाव गेलेला नाही असा. तिथे पहिला कसाव मनातला मळ, दुसरे कासाव म्हणजे वस्त्र. ‘पिवळे वस्त्र’ लिहिले की गाथेचा जीवच जातो.

प्रश्न : पाली ‘नील’ म्हणजे निळाच ना? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नेहमी नाही. महापुरुषाच्या (बुद्धासारख्या थोर पुरुषाच्या) अंगावरची लव ‘नीलानि अञ्जनवण्णानि’, म्हणजे काजळासारखी काळीभोर. वनराई ‘नीलोभासो’, तिथे गर्द हिरवी. ‘विनीलक’ म्हणजे काळेनिळे पडलेले प्रेत. अभिभायतनांत (रूपरंगांवर प्रभुत्व मिळवण्याच्या ध्यानाच्या पायऱ्यांत) मात्र नीलाला उपमा ‘उमापुप्फ’, म्हणजे जवसाच्या फुलाची आहे, तिथे बिनधास्त निळा लिहा. सोबतचे नाम पाहून मगच मराठी शब्द निवडावा.