एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) मातीचा पीक (आलेखातलं शिखर) दिसत नाही, म्हणजे नायलॉन-६ या प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या मातीचे थर एकमेकांपासून पूर्ण सुटले का? (सोलापूर, एमएस्सी प्रोजेक्ट)

नाही, नुसता पीक गेला म्हणून थर सुटले असं म्हणता येत नाही. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र) बघितल्याशिवाय प्रबंधात तसं लिहू नका. मी पॉलिमर लॅबमध्ये असेच नमुने तपासतो, आणि आधी बघतो ते स्कॅन कुठून सुरू केलाय. साध्या सोडियम मॉन्टमोरिलोनाइटचा, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मातीचा, पीक ७ अंशांच्या कोनाच्या आसपास येतो. पण ऑर्गॅनोक्लेच्या (सेंद्रिय रसायन लावलेल्या मातीच्या) थरांतलं अंतर साधारण १.८ नॅनोमीटर, म्हणजे कॉपर ट्यूबवर (तांब्याच्या क्ष-किरण नळीवर) पीक ५ अंशांच्या खाली. तुमचा स्कॅन ५ पासून असेल तर तो दिसणारच नाही! २ अंशांपासून, सावकाश घ्या. माती २-३ टक्केच असेल किंवा थर नुसते विस्कटलेले असतील, तरी पीक पुसट होतो. टीईएमचा नंबर लागेपर्यंत नमुना मफल फर्नेसमध्ये (लॅबच्या भट्टीत) जाळून राख मोजा, नमुन्यात माती खरंच किती आहे ते कळेल.

ताकद घटली असेल तर मात्र आधी ओलावा तपासा. सोलापूरची हवा कोरडी असली तरी नायलॉनचे दाणे ८० अंश सेल्सिअसवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर वाळवायलाच हवेत. नाहीतर एक्स्ट्रूडरमध्ये (वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात) नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि दोष मातीवर येतो.