नोकरी आहे, घर आहे, तरी मन स्वस्थ नाही. प्राचीन ज्ञानातून खरंच शांती मिळते का? नाशिकमध्ये कुठे जाऊ?

तुम्ही लिहिलंय की नोकरी बरी चाललीय, पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट आहे, पण डोक्यात सतत हप्ते फिरतात. मित्राने गंगापूर रोडला मोठं घर घेतलं तेव्हापासून झोप नीट नाही, म्हणून रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर प्रवचनं ऐकता. मी पंचवटीतला. आमच्याकडे शांतीचे पत्ते सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, म्हणून पत्त्यांचं नंतर बघू.

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यांत खरं वाटलं ते मित्राच्या घराचं. पतंजलींच्या योगसूत्रांत यावर नेमकं सूत्र आहे, पहिल्या पादातलं (प्रकरणातलं) 33वं. चित्त प्रसन्न राहायचं तर सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा, असं ते सांगतं. श्वासाची गोष्ट त्याच्या पुढच्या सूत्रात येते, आधी माणसं! आणि त्यातही पहिला नंबर सुखी माणसाचा, कारण दुःखी माणसाची कीव करणं आपल्याला सहज जमतं, सुखी माणूस मात्र पचत नाही. तेव्हा मित्राच्या घरी जा. जेवा, खोल्या बघा, वहिनींनी कोपरा छान लावला असेल तर तसं सांगा. पहिल्यांदा नाटक वाटेल, वाटू द्या. ऑफिसात कुजकं बोलणारा कुणी असेलच, त्याला सुधारायचं काम कंपनीने तुमच्याकडे दिलेलं नाही. ती उपेक्षा. मला स्वतःला चारांत हीच सगळ्यांत अवघड जाते.

हेच चार भाव बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून येतात: मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. आणि बौद्ध म्हटलं की आपल्याला लांब जायला नको, पांडवलेणी आहेत; नाव पांडवांचं, पण लेणी बौद्ध भिक्षूंची. पायऱ्या चढून 10 नंबरच्या लेण्यात जा. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचे लेख तिथे ओसरीत आहेत. त्यातल्या एकात त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी 3000 कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) कायमची ठेव ठेवल्याचं कोरलंय. पैसे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे: 2000 वर दरमहा शेकडा 1 व्याज, उरलेल्या 1000 वर पाऊण. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून चीवरांचा (भिक्षूंच्या वस्त्रांचा) खर्च आणि वरखर्च भागवायचा. मला हा लेख फार आवडतो. संसार सोडलेल्यांच्याही कपड्यांची सोय कुणीतरी व्याजाच्या दरासकट करून ठेवली होती. तुमच्या हप्त्यांचंही तेच. एका रविवारी कागद-पेन घेऊन, घरच्यांना बरोबर घेऊन बसा आणि किती येतात, किती जातात ते मांडा. तो हिशेब जपाने सुटत नाही, आणि तो लटकलेला असला की जपातही तोच दिसतो.

आता साधनेचं. टाकळीला गेलाय कधी? हल्ली शहराने वेढलंय, पण नंदिनी (आपली नासर्डी) गोदावरीला मिळते तिथे समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं, नदीत उभं राहून ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला, अशी परंपरा आहे. मला त्या आकड्यापेक्षा जागा एक, मंत्र एक, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही रोज नवं प्रवचन ऐकता, आज वेदांत, उद्या झेन, परवा चक्रं. त्याने माहिती वाढते, मन तिथंच. पतंजलींनीही अभ्यासाला तीनच अटी घातल्यात: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. घरात हरिपाठ असेल तर हरिपाठ, रामरक्षा असेल तर ती, काहीच नसेल तर नुसता श्वास बघत बसा. पंधरा मिनिटं पुरेत, पण वर्षभर बदलू नका. कंटाळा येईल. कंटाळ्याच्या दिवशीही बसायचं, एवढंच.

इगतपुरीच्या धम्मगिरीबद्दल विचारलंय. सत्यनारायण गोयंकांनी सुरू केलेलं विपश्यनेचं केंद्र. शिबिर दहा दिवसांचं, पहाटे चारला उठायचं, बोलायचं नाही, मोबाईल जमा. सुरुवातीचे तीन दिवस फक्त श्वास, शेवटी मेत्ता. फी नाही, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. चांगलंच आहे, पण माझं मत विचाराल तर आधी घरी काही महिने बसून बघा, मग अर्ज करा. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका. आणि झोप महिनोन्‌महिने उडालेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर शिबिराआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. गोळ्या घेणाऱ्याला नामस्मरणाची बंदी नसते.

एक पत्ता मात्र मी आपणहून देतो. त्र्यंबकला गेलात आणि कुणी कुंडलीतला दोष दाखवून हजारोंची शांत सांगू लागलं, तर नमस्कार करून पुढे चाला, निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी जाऊन बसा. फक्त पौष वद्य एकादशीच्या यात्रेत नको, तेव्हा दिंड्यांनी गाव भरलेलं असतं.