घरी जोडलेल्या ट्यूब गिटार अँपमधून आवाजच येत नसेल तर कुठून तपासायचं?

१२एएक्स७ (सिग्नल वाढवणारी) आणि ईएल८४ (स्पीकर चालवणारी) ट्यूबा, हीटर म्हणजे आतली तापणारी तार लाल दिसते, पण स्पीकर गप्प, असं तुम्ही लिहिलंय. हीटर पेटला म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज मिळतंयच असं नाही.

आधी जिवाचं. आत २५० व्होल्ट डीसीच्या वर असतं आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) उरतं. ते १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करणारा ओळखीचा इलेक्ट्रिशियन असेल तर पहिल्यांदा त्याला शेजारी बसवाच. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आता स्पीकर जोडून, अँप चालू करून ईएल८४ ची ३ नंबरची पिन, म्हणजे कॅथोड, चॅसीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत डीसी व्होल्टवर मोजा. साधारण ७ व्होल्ट आले तर ट्यूबमधून करंट वाहतोय. शून्य आलं तर ७ (प्लेट) आणि ९ (स्क्रीन) नंबरच्या पिनांवर हाय व्होल्टेज आहे का बघा. ९ वर व्होल्टेज आहे आणि ७ वर नाही, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी (ट्यूबकडची गुंडाळी) तुटलंय किंवा सोल्डरचा डाग सुटलाय. दोन्हीकडे असेल तर ट्यूब बदलून पाहा.

कॅथोड ठीक, पण बारीक गुणगुणही नाही? मग स्पीकर, त्याची वायर, जॅक. अँप बंद ठेवून, स्पीकर सोडवून त्याला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, ‘टक’ व्हायला हवं.

गुणगुण आहे, गिटार नाही, तर माझा पहिला संशय इनपुट जॅकवर. त्याचा स्विचचा पाय उलटा जोडला की सिग्नल सरळ ग्राउंडला जातो.

मोजलेले आकडे इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.