नुसता सेन्सर ठेवून जमिनीखालचा गाळ कसा कळतो?

प्रश्न : रस्त्याच्या कडेला दोघंजण एक छोटी डबी जमिनीवर ठेवून बराच वेळ नुसते बसले होते. विचारलं तर म्हणाले, शहराखालचे गाळाचे थर मोजतोय. ना बोअर, ना स्फोट, आणि शेजारून ट्रॅफिक चालू. यातून खरंच काही कळतं का, की नुसता देखावा?

उत्तर : कळतं, फक्त लोकांना वाटतं तेवढं सगळं नाही कळत. जमीन कधीच गप्प नसते, गाड्या, रेल्वे, कारखाने, माणसांची हालचाल यातून साधारण 1 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला एका हेलकाव्याच्या) वरची कंपनं येतात आणि त्याहून संथ कंपनं बरीचशी समुद्राच्या लाटांमुळे येतात, अगदी किनाऱ्यापासून खूप लांबच्या शहरातसुद्धा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जगभरच्या भूकंपमापकांवर ही माणसांची थरथर चक्क कमी झालेली दिसली होती. भूकंप मोजणाऱ्यांना एरवी नको असलेली ही खळबळ इथे फुकटचा सिग्नल म्हणून वापरतात.

त्या डबीत तीन दिशांची हालचाल मोजणारा सेन्सर असतो, एक उभी आणि दोन आडव्या. खाली कडक खडक आणि वर मऊ गाळ असेल तर गाळाचा थर एका ठराविक फ्रिक्वेन्सीला आडवा जास्त डोलतो, उभा तेवढा नाही. म्हणून आडव्या कंपनाला उभ्याने भागायचं, ग्राफ काढायचा, आणि शिखर कुठे येतं ते बघायचं. भागाकार केल्याने ट्रॅफिक कमी होतं की जास्त याचा परिणाम बराचसा निघून जातो, हे खरं कौशल्य. जपानमध्ये नोगोशी आणि इगाराशी यांनी 1971 च्या सुमारास ही कल्पना मांडली, 1989 मध्ये नाकामुरा यांच्या लेखानंतर ती सगळीकडे पसरली.

हिशोब सोपा आहे: शिखराची फ्रिक्वेन्सी म्हणजे गाळात जमीन आडवी हलवणाऱ्या लहरींचा वेग भागिले गाळाची चारपट जाडी. वेग सेकंदाला 200 मीटर आणि गाळ 50 मीटर असेल तर 1 हर्ट्झ येणार, गाळ 25 मीटर असेल तर 2. खडक खोल गेला की शिखर ग्राफवर डावीकडे, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीकडे सरकतं.

पण इथेच गोची आहे, समीकरण एक आणि अज्ञात दोन! तोच 1 हर्ट्झ वेग 400 आणि जाडी 100 मीटर धरूनही येतो. म्हणून एका डबीवरून काढलेला रंगीत जाडीचा नकाशा कोणी दाखवला तर माझा पहिला प्रश्न असतो की वेग कुठून आणला. तो मिळवायला बरेच सेन्सर एकाच वेळी पसरून ठेवतात आणि लहर एकीकडून दुसरीकडे किती वेगाने जाते ते फ्रिक्वेन्सीगणिक काढतात, संथ लहरी खोलवरचं सांगतात आणि भराभर हलणाऱ्या लहरी वरच्या थरांचं. याचा पाया केइती आकी यांनी 1957 मध्येच घातला होता. शिवाय दोनचार ठिकाणी तरी बोअरची माहिती जुळवून बघावीच लागते. आणि गाळ ते खडक बदल हळूहळू होत असेल तर शिखर दिसतच नाही, मग कितीही वेळ बसा.

बाकी बारीकसारीक कटकटी आहेतच. वारा सुटला की शेजारचं झाड आणि इमारत हलते आणि ते जमिनीतून सेन्सरपर्यंत येतं. अगदी जवळून ट्रक गेला तर रेकॉर्डचा तेवढा तुकडा फेकून देतात. एखादी मोटर सतत चालू असेल तर ग्राफवर सुईसारखं टोकदार शिखर येतं, ते गाळाचं नव्हेच.

प्रश्न : पण एवढं कशासाठी? गाळ किती जाड आहे हे कळून काय करायचं?

उत्तर : मेक्सिको सिटी बघा. 19 सप्टेंबर 1985 चा भूकंप शहरापासून 350 किलोमीटरहून लांब झाला, तरी जुन्या तळ्याच्या मऊ चिखलावर वसलेला भाग उद्ध्वस्त झाला. तिथली चिकणमाती साधारण 2 सेकंदाला एक अशी डोलत होती आणि मध्यम उंचीच्या, ढोबळमानाने 6 ते 15 मजल्यांच्या इमारतींचा डोल त्याच्या जवळपास, त्यामुळे त्याच जास्त पडल्या, कितीतरी बुटक्या इमारती शाबूत राहिल्या. तेव्हा कुठल्या भागात जमीन कोणत्या लयीत डोलेल हे आधी माहीत असेल तर तिथे काय उंचीचं आणि कसं बांधायचं ते ठरवता येतं. मात्र ग्राफचं शिखर किती उंच आहे त्यावरून भूकंपात हादरा तितक्या पट वाढेल असं समजू नका, ती फ्रिक्वेन्सी भरवशाची, उंची नाही. शिवाय जोरदार हादऱ्यात मऊ माती अजून ढिली वागते, हलक्या कंपनात ते दिसत नाही.

प्रश्न : मोबाईलमध्येही सेन्सर असतो ना, मग घरीच करून बघू?

उत्तर : नको. मोबाईलच्या सेन्सरची स्वतःची खरखरच या कंपनांपेक्षा मोठी असते, ग्राफ येईल पण तो मोबाईलचा असेल.