मुलांना टेकडीवर नेताना

मुलांना टेकडीवर न्यायचे तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. आपली मुले पाच आणि आठ वर्षांची आहेत, तेव्हा पहिल्याच रविवारी सिंहगडाचा हट्ट न धरता पुण्यातील तळजाईच्या वनउद्यानापासून सुरुवात करावी. तेथील वाटा रुंद आहेत आणि भल्या सकाळी मोरांची केकाही कानी पडते. मुले तासभर न कुरकुरता चालू लागली, की मग वेताळ टेकडी.

नवखे पालक चढाची काळजी करतात आणि उतार विसरतात. टेकडीवरचा सुटा मुरूम बुटाखाली मण्यांसारखा घरंगळतो. माझ्या मुलीचा गुडघा पहिल्याच फेरीत असाच सोलवटला होता. म्हणून मुलांना गुडघे किंचित वाकवून, पाऊल आडवे टाकत उतरायला शिकवावे आणि एका मोठ्या माणसाने त्यांच्या पुढे राहावे.

एवढे मात्र पाळावे:
- उन्हाळ्यात नऊच्या आत परतावे. टेकडीवर सावली विरळ असते.
- पावसाळा सरल्यावर पूर्ण पायजमा घालावा, कारण वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यांत रुततात आणि मुले तिथेच रडायला बसतात.
- वेताळ टेकडीवर जुन्या खाणीच्या काठाजवळ मुलांचा हात क्षणभरही सोडू नये.

अंतर मोजत बसू नका. मुलगा मुंग्यांची रांग पाहत थांबला, तर त्याला थांबू द्या.