माळ्यावरचे पितळ पुन्हा चुलीवर

प्रश्न : सासूबाईंनी पितळेची भांडी मोडीत देऊन स्टील घेतले. दोन पातेली तेवढी माळ्यावर राहिली. आता मुलगी म्हणते, यंदा चवथीचा स्वयंपाक त्यांतच करू. हे खूळ टिकेल का? आणि त्यांत शिजवलेले चालते का?
— एक वाचक, माशेल

उत्तर : स्टील आले ते दिसायला देखणे म्हणून नव्हे, चिंच-राखेची घासणी आणि वरचेवरची कल्हई, म्हणजे आतून कथलाचा मुलामा, सुटली म्हणून. ती घासणी जिने केली तिला पितळेचे कौतुक नसते; नातीला असते. खूळ टिकणे न टिकणे कल्हईवर आहे, कारण ती करणारे आता शोधावे लागतात. म्हणून चवथीच्या महिनाभर आधीच गाठा.

काम समोर उभे राहून करून घ्या. भांडे आतून अगदी लख्ख हवे. तेलकटपणा राहिला तर कथील तिथे धरत नाही. मग ते तापवून नवसागर टाकतात, पांढरा धूर निघतो, कथलाची कांडी टेकवली की वितळते आणि ते वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भराभर आतून फिरवतात. भांडे कमी तापले तर कथलाचे मणी होतात, जास्त तापले तर कल्हई पिवळट पडते. कांडी आधी वाकवून बघा : शुद्ध कथील करकरते, शिसे मुकाट वाकते. शिशाची भेसळ पोटात जाऊ देऊ नये.

कथील २३२ अंशांना वितळते. त्यामुळे रिकामे पातेले गॅसवर ठेवू नका, फोडणी वेगळ्या कढल्यात करा. डाव लाकडी, घासणी मऊ. आत पिवळा डाग दिसू लागला की कल्हई गेली. मग त्यात आंबाडे घातलेले खतखते (मिश्र भाजी) किंवा सोलकढी केलीत तर कळकणारच, म्हणजे आंबटाने पितळ अन्नात उतरणारच, आणि कळकलेले खाऊन मळमळ, उलट्या होतात. कल्हई शाबूत असली तरी आंबट पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नये. मणगणे, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीची खीर, मात्र खुशाल करा. जाड बुडाच्या पितळेत ते एकसारखे शिजते. ढवळत राहायचे, हे आलेच.

प्रश्न : न्हाणीतल्या पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणालाही कल्हई लागते का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : अंघोळीच्या पाण्याला नाही. बाहेरची काजळीही खरवडत बसू नका; पाणी तापायला तिची अडचण होत नाही. आतला क्षाराचा थर तेवढा चिंचेच्या पाण्याने काढा.