माणसाचा स्वभाव आनुवंशिकतेने ठरतो की परिस्थितीने?
दोन्हींनी, मात्र एकाच माणसाच्या स्वभावाची टक्केवारीत वाटणी करता येत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत स्वभावगुणांची आनुवंशिकता साधारणपणे ४० ते ५० टक्के आढळते, पण हा आकडा समूहातील माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाविषयी असतो, हे बहुतेक जण विसरतात. आपल्या गोव्यातलेच उदाहरण घ्यायचे तर मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांकडून त्यांच्या मुलांना जनुकेही मिळाली आणि घरातच गाण्याची तालीमही, त्यामुळे त्यांच्या गाण्यात उपजत काय आणि कमावलेले काय, हे वेगळे काढणे अशक्यच. (‘रक्तातच आहे’ म्हणून विषय मिटवणे मला घाईचे वाटते.) वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे स्वभावही बरेच जुळतात, असे १९७९ साली सुरू झालेल्या मिनेसोटातील अभ्यासात दिसले, कोणती भाषा बोलायची, हे मात्र सर्वस्वी भोवतालच ठरवतो.